आईची आई, तिची आई: वंशावळ, डीएनए आणि पार्किंगखाली सापडलेला राजा

मागच्या महिन्यात एक नेहमीचे काका दवाखान्यात आले. रक्तदाब मोजून झाला, गोळ्या लिहून झाल्या, तरी उठेनात. मग पिशवीतून दोन वस्तू काढून टेबलावर ठेवल्या. एक होता त्यांच्या घराण्याचा जाडजूड कुलवृत्तांत, आणि दुसरा एक छोटा खोका. अमेरिकेतला पुतण्या सुट्टीला आला होता, त्यानं तो दिला होता. आत प्लास्टिकची नळी. "यात थुंकायचं म्हणे डॉक्टर. मग आमचा मूळपुरुष कोण, कुठून आला, सगळं कळेल. खरं का हो?"

तुमच्यापैकीही काही जणांच्या घरी असा खोका आला असेल, नाहीतर लवकरच येईल. म्हणून काकांना जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो. थोडक्यात उत्तर असं, की नुसत्या थुंकीतून मूळपुरुष कळत नाही. सविस्तर उत्तरासाठी आपल्याला इंग्लंडला जावं लागेल, कारण कागदावरची वंशावळ आणि डीएनए या दोघांनी मिळून काय साधतं आणि कुठे अडतं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

हरवलेला राजा

इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड २२ ऑगस्ट १४८५ रोजी बॉसवर्थच्या लढाईत मारला गेला. वय ३२, गादीवर जेमतेम दोन वर्षं. त्याचं प्रेत लेस्टर गावात आणून ग्रेफ्रायर्स नावाच्या मठाच्या चर्चमध्ये पुरलं. पुढे आठव्या हेन्रीच्या काळात मठ बंद झाले, इमारती पाडल्या, आणि थडगं कुठे होतं हेही लोक विसरले. हाडं नदीत फेकून दिली अशी आख्यायिका मात्र शिल्लक राहिली.

हा राजा शेक्सपिअरमुळे जगाला ठाऊक आहे, पाठीला कुबड असलेला, कपटी, पुतण्यांचा काळ ठरलेला. त्याची इतकी बदनामी खरी आहे का, अशी शंका असणाऱ्या हौशी अभ्यासकांची इंग्लंडमध्ये एक संस्थाच आहे. त्यातल्या फिलिपा लँगली या बाईंनी हट्टच धरला, की मठाची जागा शोधून खणायचं. जुने नकाशे आणि कागद लावून पाहिल्यावर जागा निघाली ती नगरपालिकेच्या समाजसेवा खात्याच्या पार्किंगखाली. खोदाईसाठी पैसे कमी पडले तेव्हा जगभरच्या सभासदांनी वर्गणी पाठवली. २५ ऑगस्ट २०१२ रोजी लेस्टर विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागानं काम सुरू केलं आणि पहिल्याच दिवशी पायाची हाडं दिसली.

सांगाडा तरुण पुरुषाचा होता. कवटीवर घाव होते आणि कण्याला बाजूला मोठा बाक होता. डॉक्टर म्हणून मला इथे थोडं थांबल्याशिवाय राहवत नाही. हा बाक म्हणजे स्कोलिओसिस, साधारणतः वाढीच्या वयात, विशेष कारण न सापडता येणारा. त्यात कणा बाजूला वळतो, एक खांदा वर दिसतो, पण कुबड येत नाही. कपड्यांत तो फारसा लक्षातही आला नसता. शेक्सपिअरनं लिहिलेला वाळलेला हातही सांगाड्यात नव्हता. उलट पोटाच्या भागातल्या मातीत जंतांची अंडी मात्र सापडली. राजा असो वा रंक, हात न धुतल्याचा हिशेब सारखाच.

पण वय जुळलं, घाव जुळले, काळ जुळला, तरी हा रिचर्डच कशावरून? यासाठी एखादा जिवंत नातेवाईक हवा होता. रिचर्डचा मुलगा लहानपणीच वारला होता. ज्याचा वंश आजपर्यंत निश्चित पोचला आहे असं त्याचं अपत्य नाही. मग नातेवाईक आणायचा कुठून?

मुलीकडून मुलीकडे

इथे थोडं जीवशास्त्र. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत केंद्रकाच्या बाहेर मायटोकॉन्ड्रिया नावाचे बारके कण असतात. शाळेत आपण त्यांना तंतुकणिका म्हणायचो, पेशीचं वीजघर. या कणांना स्वतःचा छोटासा डीएनए असतो, सुमारे १६,५६९ अक्षरांचा. हा डीएनए फक्त आईकडून येतो. मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही आईचाच मिळतो, पण पुढे देऊ शकते ती फक्त मुलगी. म्हणजे तुमच्यातला हा डीएनए तुमच्या आईचा, तिच्या आईचा, तिच्याही आईचा. तो पिढ्यानपिढ्या जवळजवळ जसाच्या तसा राहतो, क्वचित एखादं अक्षर बदलतं.

रिचर्डला तो मिळाला त्याच्या आईकडून, आणि त्याच्या बहिणींनाही. तेव्हा बहिणीची मुलगी, तिची मुलगी असं करत आजपर्यंत येणारी साखळी शोधायची. ऐकायला सोपं वाटतं. पण साडेपाचशे वर्षांत दर पिढीला आडनाव बदलणार, घर बदलणार, अनेकदा देश बदलणार. दर पिढीला लग्नाची नोंद शोधा, मग त्या नव्या आडनावाखाली मुलीची नोंद शोधा, मग तिचं लग्न.

हे काम खोदाईच्या कितीतरी आधी झालं होतं आणि तेही दुसऱ्याच कारणासाठी. जॉन अॅशडाउन-हिल या इतिहास-अभ्यासकाकडे बेल्जियममधल्या संशोधकांनी एक प्रश्न पाठवला. रिचर्डची बहीण मार्गारेट तिकडे मेखेलेन गावात दफन झाली होती, आणि सापडलेल्या हाडांपैकी तिची कोणती हे त्यांना ठरवायचं होतं. मार्गारेटला मूल नव्हतं. म्हणून अॅशडाउन-हिलनं तिची मोठी बहीण अॅन हिच्यापासून सुरुवात केली आणि मुलीकडून मुलीकडे जात २००४ साली तो थेट कॅनडात पोचला. तिथे जॉय इब्सेन नावाची निवृत्त पत्रकार राहत होती. आपण इंग्लंडच्या राजाच्या बहिणीच्या वंशातल्या आहोत हे तिला त्याच्याकडूनच कळलं. बेल्जियमच्या हाडांचा प्रश्न सुटला नाही, पण वंशावळ तयार राहिली.

जॉय २००८ साली वारली, सांगाडा सापडायच्या चार वर्षं आधी. तिचा मुलगा मायकेल इब्सेन लंडनमध्ये सुतारकाम करून फर्निचर बनवतो. गालाच्या आतून कापसाच्या बोळ्यानं त्याचा नमुना घेतला. तिकडे जनुकशास्त्रज्ञ टुरी किंग यांनी सांगाड्याच्या दातांतून आणि मांडीच्या हाडातून डीएनए काढला. केविन शुरर या इतिहासकारानं इब्सेनची साखळी एकेका कागदानिशी पुन्हा तपासली आणि अॅनच्याच वंशातली दुसरी एक शाखा शोधली, तिच्या टोकाशी एक बाई जिवंत होती. ही खबरदारी मला फार आवडली. एक साक्षीदार पुरेसा नाही, दुसरा आणा, आणि तो पहिल्याच्या घरातला नको.

निकाल लागला. सांगाड्याचा आणि इब्सेनचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए तंतोतंत जुळला. दुसऱ्या बाईंच्यात एका अक्षराचा फरक निघाला, इतक्या पिढ्यांत अपेक्षित असतो तेवढाच. शिवाय हा प्रकार युरोपात दुर्मीळ, त्यामुळे योगायोगानं जुळण्याची शक्यता कमी. डीएनए, कालमापन, वय, घाव, कण्याचा बाक, सगळं एकत्र धरून संशोधकांनी २०१४ साली सांगितलं, की हा रिचर्डच असण्याची शक्यता ९९.९९९ टक्के आहे.

लक्षात घ्या, डीएनएनं इब्सेनला शोधलं नाही. एका माणसानं जुन्या नोंदी चाळून त्याच्या आईला शोधलं. डीएनएनं फक्त त्यावर शिक्का मारला. मेहनतीनं लावलेली वंशावळ नसती तर प्रयोगशाळेतल्या त्या अक्षरांना विचारायलाच कुणी नव्हतं.

बापाकडची साखळी कुठे तुटली?

आता गोष्टीचा दुसरा भाग. याची चर्चा कमी होते, आणि काकांना मी जास्त करून हाच सांगितला.

वाय गुणसूत्र बापाकडून फक्त मुलाला जातं. आडनाव जसं जातं, अगदी तसंच. रिचर्डचा खापरपणजा राजा तिसरा एडवर्ड. त्याच्या दुसऱ्या एका मुलापासून निघालेली, बापाकडून मुलाकडे जाणारी शाखा आजही इंग्लंडमध्ये आहे. ते मोठं उमराव घराणं आहे, त्यांच्या नोंदी पक्क्या, छापील, पदव्या आणि जमिनींना जोडलेल्या. त्या घराण्यातल्या पाच जिवंत पुरुषांनी नमुने दिले. आईकडची साखळी जितक्या कष्टानं लावावी लागली तितके कष्ट इथे नव्हतेच.

तरी वाय गुणसूत्र जुळलं नाही. पाचपैकी चौघांचं आपसात जुळत होतं, पण रिचर्डशी नाही. पाचव्याचं तर त्या चौघांशीही जुळेना. म्हणजे त्याच्या शाखेत अलीकडच्या काही पिढ्यांत कुठेतरी कागदावरचा बाप आणि जन्मदाता बाप वेगळे होते. आणि रिचर्डपासून त्या घराण्याच्या अठराव्या शतकातल्या सामायिक पूर्वजापर्यंत जे १९ दुवे आहेत, त्यातला निदान एक तुटलेला आहे. कोणता ते डीएनएवरून सांगता येत नाही. तो एका विशिष्ट जागी असेल तर चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या हेन्रीचा गादीवरचा रक्ताचा हक्कच डळमळतो. अर्थात तेव्हा गादी रक्तानं जेवढी मिळायची त्याहून जास्त तलवारीनं मिळायची, हा भाग वेगळा.

हे ऐकून धक्का बसायचं कारण नाही. गणित पाहा. युरोपातल्या अभ्यासांत कागदावरचा बाप आणि खरा बाप वेगळे असण्याचं प्रमाण दर पिढीला साधारण १ ते २ टक्के निघतं. १ टक्का धरला तरी १९ दुव्यांत एखादा तुटलेला असण्याची शक्यता सुमारे १७ टक्के, २ टक्के धरला तर ३२. तुमच्या कुलवृत्तांतात बारा पिढ्या असतील, तर १ टक्क्याच्या हिशेबानं ही शक्यता ११ टक्क्यांच्या आसपास येते. त्यात कुणाची बदनामी नाही. दत्तक, लहानपणी घरात आणून वाढवलेलं अनाथ मूल, विधवेचं मूल, अत्याचार, प्रेम, सगळं त्या एका टक्क्यात बसतं.

आपल्याकडे तर दत्तकाची रीत उघड आणि मानाची. कागलच्या घाटगे घराण्यात १८७४ साली जन्मलेले यशवंतराव १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि राजर्षी शाहू छत्रपती झाले. त्यांचं वाय गुणसूत्र घाटग्यांचं, पण म्हणून ते छत्रपती नव्हते असं कोण म्हणेल? वंश म्हणजे नुसतं रक्त नाही हे आपल्या समाजाला प्रयोगशाळेच्या आधीपासून ठाऊक आहे. अडचण होते ती दत्तक लपवून ठेवलेलं असतं तेव्हा, आणि साठीतल्या माणसाला ते पडद्यावरच्या आकड्यांतून कळतं तेव्हा.

तो खोका काय सांगेल

बाजारात मिळणारी चाचणी बहुधा वरच्या दोन्ही साखळ्यांवर भर देत नाही. ती बाकीच्या गुणसूत्रांची लाखो ठिकाणं तपासते. निम्मा डीएनए आईचा, निम्मा बापाचा, आणि दर पिढीला पत्ते पिसल्यासारखा तो पिसला जातो. सख्ख्या चुलत-मावस भावंडांत साधारण साडेबारा टक्के डीएनए सारखा असतो. त्यांच्या मुलांमुलांत ३ टक्क्यांच्या आसपास. पुढच्या पिढीत एक टक्क्याहून कमी, आणि काही जोड्यांत तर काहीच जुळत नाही, नातं शंभर टक्के खरं असूनही. दहा पिढ्या मागे तुमचे १,०२४ पूर्वज होतात (कागदावर, कारण एकच माणूस दोन जागी येतो), आणि त्यातल्या बऱ्याच जणांचा एक तुकडाही तुमच्यात उतरलेला नसतो. मूळपुरुषाचा तर सोडूनच द्या.

मग ती "इतके टक्के दक्षिण भारतीय, इतके टक्के मध्य आशियाई" ही वर्तुळं? ती तुलना असते, कंपनीकडे आज ज्यांचे नमुने आहेत त्यांच्याशी. नमुने वाढले की तुमचे टक्के बदलतात. पूर्वज तेच राहतात.

आपल्यासाठी आणखी एक मेख आहे. आपण पिढ्यानपिढ्या जातीत लग्नं केली, बऱ्याच घरांत मामाच्या मुलीशीही. त्यामुळे एकाच समाजातल्या दोन अनोळखी माणसांचेही बरेच तुकडे जुळतात, आणि यंत्र त्यांना खऱ्याहून जवळचे नातेवाईक ठरवतं. "तुमचा चुलतभाऊ सापडला" असा निरोप आला तर लगेच पेढे वाटू नका.

आणि खाजगीपणाचं काय? २०२३ साली ट्वेंटीथ्री अँड मी या अमेरिकन कंपनीकडची सुमारे ६९ लाख लोकांची माहिती चोरांच्या हाती गेली. मार्च २०२५ मध्ये त्या कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला आणि गोळा झालेल्या डीएनएचं आता काय होणार, हा प्रश्न ग्राहकांना पडला. पासवर्ड बदलता येतो, डीएनए नाही. शिवाय तो एकट्या तुमचा नसतो. तुम्ही थुंकलात की तुमच्या भावाबद्दल, मुलीबद्दलही अर्धी माहिती दिली जाते, त्यांना न विचारता. म्हणून नळी उघडण्याआधी घरात बसून बोला. अनपेक्षित काही निघालं तर ते कुणाला सांगायचं, कुणाला नाही, हे आधी ठरलेलं बरं. तब्येतीच्या कारणासाठी जनुकीय चाचणी हवी असेल तर ती वेगळी असते, डॉक्टरांच्या सल्ल्यानं करायची.

कुलवृत्तांतातली कोरी जागा

एवढं ऐकून काकांनी विचारलं, "मग आमचा हा ग्रंथ खोटा?"

मुळीच नाही. कुलवृत्तांत म्हणजे शेकडो लोकांनी मिळून केलेलं संशोधन. पत्रं पाठवायची, छापील फॉर्म भरून मागवायचे, कोकणातल्या मूळ गावी जाऊन जुन्या माणसांना भेटायचं, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतली पणजोबांची नोंद उतरवून आणायची. वर्गणी काढून राजा शोधणाऱ्या त्या हौशी इंग्रजांत आणि या मंडळींत मला फारसा फरक दिसत नाही.

पण एक करून पाहा. असा ग्रंथ घरात असेल तर उघडा आणि एखादी मुलगी शोधा. तिचं नाव असेल, सासरचं आडनाव असेल, कधी गाव असेल. तिथे ओळ संपते. तिची मुलं दुसऱ्या ग्रंथात, तेही बापाच्या नावाखाली. सुना येतात त्या अनेकदा लग्नानंतर बदललेल्या नावानं, माहेरचं नाव असलंच तर कंसात. ज्या साखळीनं रिचर्डची ओळख पटवली ती आपल्या ग्रंथांत दर पिढीला तोडलेली आहे, आणि ज्या साखळीनं दगा दिला ती आपण सोनेरी अक्षरांत छापतो.

काकांना मी विचारलं, "तुमच्या आईच्या आईचं माहेरचं नाव काय?" त्यांना बारा पिढ्यांचे पुरुष तोंडपाठ होते. आजीला सगळे माई म्हणायचे, इतकंच आठवलं.

हे मी इतिहासाच्या हौसेनं विचारत नाही. दवाखान्यात आम्हाला रोज हीच अडचण येते. "घरात कुणाला मधुमेह, हृदयविकार, कर्करोग?" असं विचारलं की पेशंट बापाकडचं भराभर सांगतात. आईच्या घराण्यात कोण कशानं गेलं, तर "पोटात दुखायचं", "छातीला काहीतरी झालं होतं", "बाळंतपणातच गेली". आजार आडनाव पाहून येत नाहीत. स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढवणारी बीआरसीए जनुकं आईकडून येऊ शकतात तशीच बापाकडूनही, आणि थॅलेसेमियाचंही तसंच. त्यांचा मायटोकॉन्ड्रियाशी संबंध नाही. पण आईकडची अर्धी बाजू कोरी असेल तर अर्धा धोका आम्हाला दिसतच नाही.

रिचर्डला २६ मार्च २०१५ रोजी लेस्टरच्या कॅथेड्रलमध्ये पुन्हा पुरलं. ओक लाकडाची शवपेटी मायकेल इब्सेननं स्वतः बनवली होती, बहिणीकडच्या नातलगानं, पाचशे तीस वर्षांनी. तो पुरुष असल्यानं त्याच्यापासून हा डीएनए पुढे जाणार नाही.

काका मागच्या आठवड्यात परत आले. मिरजेच्या त्यांच्या मावशीला, वय ८८, त्यांनी फोन केला होता. तासभर बोलणं झालं. आजीचं माहेरचं नाव मिळालं, तिच्या आईचं नाव आणि गावही मिळालं, त्यामागे मावशीलाही ठाऊक नाही. कुलवृत्तांताच्या मागच्या कोऱ्या पानावर त्यांनी ही नावं पेन्सिलीनं लिहून आणली होती. आणि बोलता बोलता मावशीनं आणखी एक सांगितलं होतं. आईच्या दोन मावश्या चाळिशीच्या आतच गेल्या, दोघींच्याही छातीत गाठ होती, घरात तेव्हा कुणी ते बोलत नसे.

काकांची मुलगी आता ३६ वर्षांची आहे. त्यांची आई आणि मुलीलाही घेऊन या म्हणून मी सांगितलंय, दोघींशी सविस्तर बोलायचं आहे. अमेरिकेचा खोका कपाटातच आहे, अजून उघडलेला नाही.